बिनबाह्यांचा अंक

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (कागदावरचाच समज. प्रत्यक्ष घालायला गेले तर उठताना निदान चाळीस टाचण्या अंगावर घेऊन उठेन. गेल्या रविवारपासून आमच्या फरशीवर टाचण्यांचं राज्य आहे आणि बाबा घरातही बूट घालून फिरतात.) तुझा गुडघा कसा आहे? मशीनचा पायटा जड झाला होता, त्यात तेल घातलंस का? की दुसऱ्यांच्या मशीनला तेल आणि स्वतःच्या गुडघ्याला नुसता शेक, हेच अजून चालू आहे? आणि ती समोरची बाई माप देताना अजून पोट आत ओढून उभी राहते का, आणि मग ड्रेस घट्ट झाला म्हणून तुझ्याशीच भांडते का? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं काय ते पुढे कळेलच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. हे पत्र माफीचं नाही. पाच आठवडे तू आमच्याकडे आली नाहीस म्हणून मी घाबरून पत्र लिहायला बसले, असा समज कृपा करून करून घेऊ नकोस. फोनवर बोलता आलं असतं, पण तू फोन उचलतेस, मशीनशेजारी ठेवतेस आणि टीप मारत बसतेस. परवा मी अकरा मिनिटं कुणाच्या तरी पडद्याच्या शिवणीशी बोलत होते. मधे दोरा तुटला तेव्हा तू "च्च" म्हणालीस, तो माझ्या मुद्द्याला दिलेला दुजोरा आहे असं समजून मी आणखी चार मिनिटं बोलले. म्हणून पत्र. पत्र तू वाचशील, हे मला पक्कं ठाऊक आहे. तू पुडीचा कागदसुद्धा हाताने सरळ करून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतेस. मी तर तुझी सख्खी भाची आहे.

तू यायची थांबलीस त्यानंतर घरात जे जे घडलं ते क्रमाने सांगते, म्हणजे तुझ्या कानावर मीठमसाला लावून जायला नको. (आई लावते. ती वसतिगृहात एकशे ऐंशी मुलींचा स्वयंपाक करते, त्यामुळे गोष्ट सांगतानाही तिचा हात मोठाच पडतो.) मासिकातलं माझं पान तुला माहीत आहेच, 'वापरून पाहिलं' नावाचं. दर महिन्याला एक चेहऱ्याला लावायची वस्तू, एक पाकिटातलं जेवण आणि एक घरच्या घरी शिवायचा कपडा. माझ्याआधी हे पान एक निवृत्त गृहस्थ लिहायचे. तेच राशिभविष्यही लिहायचे, आणि दोन्ही एकाच पद्धतीने लिहायचे, म्हणजे न बघता. मी पहिल्याच दिवशी संपादकबाईंना सांगितलं की जी वस्तू मी स्वतः वापरलेली नाही तिच्याबद्दल एक अक्षर लिहिणार नाही. कायदेमंडळात खरं बोलावं असं सगळेच म्हणतात. पण घरातली बाई दिवसातून वीस वेळा ज्या डब्या, पुड्या आणि खोके उघडते त्यांच्याबद्दल तिच्याशी खरं कोण बोलतं? बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि "बघू" म्हणाल्या. त्यांचं "बघू" म्हणजे काय ते मला अजून कळलेलं नाही. पण मी तेव्हाही मागे हटले नाही आणि आताही हटणार नाही.

तर चेहऱ्याची वस्तू. या महिन्यात एक चंदेरी लेप आला होता. लावायचा, वाळू द्यायचा, आणि मग सालीसारखा एका ओढीत सोलून काढायचा. खाली चेहरा म्हणे दहा वर्षांनी लहान. मी तो लावला, वाळवला, सोलला. खाली माझाच चेहरा होता आणि मी होते तेवढ्याच वयाची होते. पण एका माणसाचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, हे आम्हाला संख्याशास्त्राच्या पहिल्या तासाला शिकवलं आहे. शिवाय तुलना हवी. एकाच चेहऱ्याचा अर्धा भाग लेपाचा आणि अर्धा बिनलेपाचा, असा प्रयोग चार आठवडे करायला कोण तयार होणार? तुझा भाऊ तयार झाला. तुला माहीतच आहे, मी पास झाल्यापासून घरात जे काही छापील असेल ते माझ्यापुढे येतं. औषधाची चिठ्ठी, मिक्सरचं वॉरंटी कार्ड. बिस्किटाचा पुडासुद्धा मी मागची बाजू वाचून दाखवल्याशिवाय आई फोडत नाही. बाबा तर छापील अक्षरापुढे मान तुकवतात. खुर्चीत बसले, डोळे मिटले, म्हणाले, "लाव. तू शिकलेली आहेस."

उजवी बाजू चंदेरी करून झाली तेवढ्यात बाबांना फोन आला. कुठल्याशा इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली होती आणि आत तीन माणसं होती. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस चेहरा वाळेपर्यंत थांबू शकत नाही. ते तसेच गेले. वरच्या मजल्यावरून दार फाकवून त्यांनी बॅटरी घेऊन आत डोकावून पाहिलं, आणि आतल्या तिघांना अंधारात वरून एक अर्धा चंदेरी चेहरा "घाबरू नका" म्हणताना दिसला. बाबा सांगतात, त्यातल्या एका बाईंनी शांतपणे उत्तर दिलं, "आम्ही इथेच ठीक आहोत." तिघांना बाहेर काढायला लिफ्ट दुरुस्त करण्यापेक्षा जास्त वेळ लागला. घरी येईपर्यंत लेप पत्र्यासारखा कडक झाला होता. मी कोपरा धरला आणि खोक्यावर लिहिल्याप्रमाणे एका ओढीत काढला. त्या ओढीत बाबांची उजवी मिशी आली. पूर्ण आली, मुळासकट आली. 'केसाळ भागावर लावू नये' ही ओळ खोक्यावर आहे, नाही असं नाही. ती दुकानदाराने डकवलेल्या स्टिकरच्या खाली आहे. आता तू म्हणशील, डावी पण काढून टाकायची! मी हेच म्हटलं, आईने तर वस्तरा आणून पुढ्यात ठेवला. पण ते ऐकत नाहीत. प्रयोग चार आठवड्यांचा आहे, अर्धवट सोडायचा नाही असं तूच म्हणालीस ना, हे त्यांचं मलाच उत्तर. आज तीन आठवडे झाले. ते रोज कामावर असेच जातात. पानावर मी लिहिलं, "त्वचेबद्दल निश्चित काही सांगता येत नाही, मिशीबद्दल सांगता येतं." लेपवाल्या कंपनीचा माणूस ऑफिसात येऊन चिडून गेला. मी एक स्वल्पविरामसुद्धा बदलला नाही.

जेवणाचं पाकीट त्यामानाने सुखरूप पार पडलं. 'तीन मिनिटांत चौघांचं जेवण' असं वर लिहिलं होतं. आईने तो खोका हातात घेऊन उलटसुलट केला, कानाशी नेऊन हलवला आणि म्हणाली, "तीन मिनिटांत माझा कांदासुद्धा रंग बदलत नाही. हे चार माणसं जेवायला घालणार?" तिला तो खोका म्हणजे स्वतःचा अपमान वाटला, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. आत शेवयांसारखं काहीतरी, खड्यासारखे वाटाणे आणि एका पुडीत केशरी भुकटी. मी मागची सूचना मोठ्याने वाचायला घेतली. सात पायऱ्या आणि चौदा इशारे, वाचायलाच सहा मिनिटं लागली. आई सूचनेतलं एक अक्षर चुकवायचं नाही म्हणून हात बांधून ऐकत उभी, आणि पातेल्यातलं पाणी तोवर आटून गेलेलं. पुन्हा पाणी ठेवलं. शेवटी जे तयार झालं ते आईने चमच्याच्या टोकावर घेऊन चाखलं आणि मला म्हणाली दारात कोण आलंय बघ. दारात कोणी नव्हतं. मी परत आले तेव्हा कढईत कांदा होता, लसूण होता, टोमॅटो होता, लोण्याचा गोळा विरघळत होता आणि केशरी भुकटी कचऱ्याच्या डब्यात होती. (शेवया कुठे गेल्या ते आजवर समजलेलं नाही. वाटाणे शेजारच्या कोंबड्यांनीही नाकारले.) आम्ही पोटभर जेवलो. ताट पुसता पुसता आई समाधानाने म्हणाली, "नाही हो, पाकीट चांगलं आहे. लोक उगाच नावं ठेवतात." आणि आत्या, ती हे मनापासून म्हणाली! मग मी पानावर काय लिहायचं? जे पाहिलं ते लिहिलं: खोका उघडावा, आतलं सगळं बाजूला ठेवावं, मग जेवण उत्तम होतं. वेळ, एकोणपन्नास मिनिटं.

आता शिवणाकडे येते. तुला वाटलं असेल मी टाळते आहे. मी टाळत नाहीये. फक्त गोष्टी क्रमाने सांगते आहे.

तू शेवटची आलीस त्या दिवशी टेबलावर अंकातल्या कटिंगच्या कागदाचा नमुना पसरलेला होता. 'एका दुपारी शिवा, पहिल्यांदा शिवणारीलाही जमेल' असा तो ड्रेस. नमुना काढणाऱ्या बाईंनी दोन मोठे कागद पाठवले होते, एकावर पुढचा-मागचा भाग आणि दुसऱ्यावर बाह्या. दोन कागद कशाला, असं मीच म्हटलं. बावीस हजार अंक, म्हणजे बावीस हजार कागद वाचतील, किती झाडं वाचतील! एकाच कागदाच्या दोन्ही बाजूंना छापा. छापखान्यातल्या काकांनी मला दोनदा विचारलं, "बाई, नक्की ना?" मी त्यांना जंगलांवर वीस मिनिटं भाषण दिलं. ते बिचारे हातात शाईचा बोळा घेऊन ऐकत राहिले. तू मात्र चष्मा कपाळावर चढवलास, तो कागद उचलून खिडकीशी धरलास, उजेडात पुढून बघितलास, मागून बघितलास आणि विचारलंस, "पुढचा भाग कापला की कागदाच्या पाठीवरची बाही कुठे जाणार?"

तेव्हा मी काय म्हणाले ते मला आठवतं. तुलाही आठवत असणार, तू विसरणाऱ्यांतली नाहीस. मी म्हणाले, "आत्या, हे छापील आहे. हे तज्ज्ञांनी केलेलं आहे." आणि मग, तेवढ्यावर भागलं नाही म्हणून, माझ्या पानाचा मजकूर तुला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात "अंदाजपंचे कापण्याचे दिवस आता संपले" हे वाक्य होतं, आणि बाही जिथे जोडतात त्या मुंढ्याला मी "बाहुवर्तुळ" म्हटलं होतं. बाहुवर्तुळावर तू हसलीस. त्या आधीच्या वाक्यावर हसली नाहीस. उठलीस, चहा अर्धा तसाच ठेवलास, "बरं बाई, तू शिकलेली" म्हणालीस, आणि कपाटावरची तुझी मोठी कात्री पिशवीत घालून गेलीस. मला आठवतं तेव्हापासून ती कात्री आमच्याकडे होती. एक तुझ्याकडे आणि एक आमच्याकडे, म्हणजे कुठेही बसलीस तरी हात रिकामा नको. बाबा तेच वाक्य नंतर लेप लावून घेताना म्हणाले, "तू शिकलेली आहेस." तेच शब्द. पण बाबांचं ऐकून मी फुगले आणि तुझं वाक्य मी अजून उलटसुलट करून बघते आहे. (हेही माफी म्हणून लिहिलेलं नाही. निरीक्षण म्हणून लिहिलं आहे.)

अंक बाहेर पडला आणि चौथ्या दिवसापासून पत्रं यायला लागली. टपालवाला आता नुसती पत्रं टाकून जात नाही, "बाह्यावाल्या बाई कोण?" असं विचारून मला बघून जातो. एकीने पुढचा भाग कापला, मग उलटून बाही शोधली, तर बाहीच्या मधोमध गळा. एकीने आधी बाही कापली आणि आता तिच्या ड्रेसच्या छातीवर बाहीच्या आकाराचं भोक आहे. तिने नम्रपणे विचारलंय की तिथे काय लावायचं असतं. एका निवृत्त गणित शिक्षिकेने तीन पानांत सिद्ध करून पाठवलंय की एका कागदाच्या दोन बाजू एकाच वेळी कापून वेगळ्या करता येत नाहीत. (सिद्धता बिनचूक आहे. मी तपासली.) आणि एक पत्र नुसतं एवढंच: "ताई, मुलीला पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला घालायला शिवत होते. कापड एवढंच होतं." ते मी टेबलावर पालथं घालून ठेवलं आहे. पालथं घातलेलंही ते वाचता येतं.

आणि ऑफिसात काय झालं असेल? शोककळा पसरली असेल? आत्या, अंकाचा खप वाढला! कित्येकींनी बाहीसाठी दुसरा अंक घेतला. खपाचा विभाग सांभाळणारे गृहस्थ मला मिठाई द्यायचेच काय ते बाकी राहिले. त्यांचं म्हणणं, कागद दर महिन्याला असाच छापावा. मी त्यांच्याशी जे बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. मग संपादकबाईंनी मला आत बोलावलं आणि पुढच्या अंकासाठी एक मजकूर पुढे केला. मथळा: 'या मोसमाची नवी फॅशन, बिनबाह्यांचा ड्रेस!' खाली लिहिलेलं की आमच्या चाणाक्ष वाचकांनी आमचा संकेत ओळखला. आणि त्याखाली माझं नाव. 'वापरून पाहिलं' या शब्दांखाली, माझं नाव!

मी सांगितलं, हे जाणार नाही. आमच्याकडून चूक झाली आहे, आणि ज्यांनी कापड कापून ठेवलंय त्यांना त्याच उरलेल्या कापडात, कागदाशिवाय, बाही कशी काढायची हे छापायचं. बाई म्हणाल्या, कशी काढायची? मी म्हटलं, मी वापरून पाहीन आणि सांगेन. गुरुवारी दुपारी बारापर्यंत पान छापखान्यात जातं. तोवर खरी बाही मिळाली नाही तर फॅशन छापून येईल, आणि ती छापून आली तर मी त्या पानावर पुन्हा एक ओळ लिहिणार नाही. घरातली पहिली पदवी आणि पहिली नोकरी घालवायला मी तयार आहे. एका बाहीपायी!

आता तू विचारशील, मग काढलीस का बाही? काढली. तीन काढल्या. पहिली मी सूत्राने काढली. बाबांच्या दंडाचा घेर, खांद्याची उंची, कोपराचा कोन, सगळं वहीत मांडलं, बाबांनी लिफ्टच्या आराखड्याची मोठी पट्टी दिली. स्वयंपाकघरातल्या कात्रीने कापलं. (ती कापत नाही, कापडाला चावते.) झालेली बाही आईने निरखून पाहिली आणि दुसऱ्या दिवसापासून मिक्सरवर घातली. अगदी मापात बसते. दुसरीत माझा हात गेला, पण अंगात घालून हात खाली करता येईना. हात वर असला तर एकही सुरकुती नाही. खाली आणला की सगळा ड्रेस कानापर्यंत चढतो. तो घालून मी ऑफिसात गेले असते तर दिवसभर हजेरी देत उभी राहिले असते. तिसरीबद्दल एवढंच सांगते की ती उलटी होती आणि ते मला शिवून झाल्यावर आईने सांगितलं.

मग मी कपाटातून पदवीदानाच्या दिवशीचा कोट काढला. तू शिवलेला, एका दिवसात, कागद-पेन्सिल न घेता. माझ्या खांद्याला वीत लावलीस, दोनदा "हं" म्हणालीस, संपलं. त्या दिवशीच्या फोटोत मी हात खाली सोडून उभी आहे आणि बाही अशी पडली आहे की जणू ती हाताबरोबरच उगवली असावी. मला वाटलं, एक बाही उसवावी, कापडावर ठेवून तिचा आकार काढून घ्यावा, परत लावावी. तू करतेस त्याला अंदाज म्हणतात की नाही मला माहीत नाही, पण याला नक्कल म्हणतात, हे मला माहीत होतं. तरी मी कात्रीचं टोक शिवणीत घातलं. आणि आत बघितलं तर तीन बोटं माया दुमडून ठेवलेली. बाहीत, कुशीत, खालच्या काठाला, सगळीकडे. आत्या, मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. एकवीस वर्षांच्या मुलीची उंची वाढत नाही. हे तुला माहीत नव्हतं का? कशासाठी ठेवलं होतंस एवढं कापड आत? मी कितपत वाढेन असं तुला वाटलं होतं?

मी कोट परत टांगून ठेवला. एक टाकाही उसवला नाही.

आमच्या छापील तक्त्यावर माया सोडायला जागाच नव्हती. कागद वाचवला होता ना.

तर अशी परिस्थिती आहे. मी माझ्या तत्त्वांवर ठाम आहे. वापरून पाहिल्याशिवाय लिहिणार नाही, खोट्याखाली नाव घालणार नाही, आणि छापलेलं म्हणून बरोबर असं इथून पुढे कधीही म्हणणार नाही (हे तिसरं तत्त्व नवीन आहे). गुडघ्याला जप. आईने सांगितलंय की सकाळी उठून लगेच मशीनवर बसू नकोस, आधी दोन घास खा. तू ऐकणार नाहीस हे तिलाही माहीत आहे.

तुझीच,
बॅरिस्टर
(या नावाने तू चिडवतेस म्हणून मी इतकी वर्षं रागावत होते. गेले पाच आठवडे कोणीच म्हटलं नाही, तर घरात कुणीतरी कमी असल्यासारखं वाटतं.)

ता. क. पत्रासोबत पिशवी आहे. त्यात बिनबाह्यांचा ड्रेस आणि उरलेलं कापड आहे, वाचकांकडे उरलं असेल तेवढंच, मी मोजून कापलंय. या एवढ्यात दोन बाह्या निघतात का? कशा निघतात? वीत कुठे लावायची, बोटं कुठे मोजायची, ते "हं" नेमकं कधी म्हणायचं? मला समोर बसवून सांग. तू सांगशील तसं लिहीन. तुझा एक शब्द बदलणार नाही. मुंढ्याला मुंढाच म्हणेन.

ता. क. २. वर मी असं लिहिलं की नोकरी जायची वेळ आली आहे. खरं म्हणजे संपादकबाईंनी मला धमकी दिली नाही, मीच त्यांना दिली. त्या चष्मा पुसून "बघू" म्हणाल्या. पण मी माझ्या धमकीवर ठाम आहे, त्यामुळे धोका तेवढाच आहे.

ता. क. ३. गुरुवारचं पान मी लावून ठेवलं आहे. मथळा 'कागदाशिवाय बाही', खाली 'सांगणार: माझी आत्या, सत्तावीस वर्षं शिवणकाम', आणि त्याखाली बरीचशी मोकळी जागा. चौकटीत मजकूर असा: "कटिंगचा कागद दोन्ही बाजूंनी छापण्याची कल्पना माझी होती. ही चूक माझ्या आत्याने कागद खिडकीशी धरून अर्ध्या मिनिटात दाखवली होती. मी ऐकलं नाही. अंदाजपंचे कापत होते ती मी, आत्या नव्हे." बावीस हजार अंकांत हे जाईल. मुलाखतीच्या ड्रेसवाल्या बाईंना मी वेगळं पत्र लिहून तुझा पत्ता दिला आहे, रागावू नकोस. हे पत्र माफीचं नाही असं मी सुरुवातीलाच लिहिलं होतं, आणि ते खरंच आहे. माफी पत्रात नाही. ती छापून येते आहे.

ता. क. ४. हे पत्र घेऊन आलेला तुझा भाऊ बाहेर पायरीवर बसला असेल. तू आत बोलावल्याशिवाय तो येणार नाही, कारण तू त्याच्यावरही रागावली आहेस असं त्याने आपणहून ठरवलं आहे. त्याच्याकडे बघून खुशाल हस. तो आज मुद्दाम उजवी बाजू तुझ्या दाराकडे करून बसणार होता.

ता. क. ५. बुधवारपर्यंत ये. येताना मोठी कात्री आण. जाताना विसर.